भाव नंतर, आधी नाव लावा



मागच्या हंगामात आम्ही काही जण असोद्याच्या शिवारात कापूस वेचायला गेलो होतो. दुपारी भाकरी खाताना शेतमालकाने मोबाइलवर आपला सातबारा दाखवला. मग रेडी रेकनर उघडून जमिनीचा सरकारी दरही दाखवला. आता १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तलाठ्याकडे खेटे नाहीत. सोय चांगली आहे, आम्ही नाही म्हणत नाही.

आमच्यातला एक म्हणाला, "भाऊ, आमच्या गावचा गट नंबर टाका." टाकला. मालकाच्या जागी 'वन' आलं. आजा-बापापासून तिथे ज्वारी-मका पेरतो, वनहक्काचा पट्टा पेटीत आहे. पण उताऱ्यावर आमचं नाव कुठेच नाही.

कायदा काय सांगतो? वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत लिहिलंय, की हक्क मान्य झाला की अंतिम नकाशा करायचा आणि महसूल व वन दप्तरात नोंद जास्तीत जास्त ३ महिन्यांत घ्यायची. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, म्हणून नोंदही दोघांची पाहिजे. आज पीककर्ज, पीक पाहणी, नुकसानभरपाई सगळीकडे आधी उतारा मागतात. नोंद नाही तर शेतकरी असून आपण शेतकरी नाही.

काही जण म्हणतात, तुमची जमीन विकता येत नाही, मग तिला किंमत काय? खरंय, वनहक्काची जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीनसुद्धा १९७४ पासून कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला देता येत नाही. हे कुंपण आपल्यासाठीच आहे, ते राहिलंच पाहिजे. पण विकत नाही म्हणजे फुकट आहे, असं नाही.

उद्या धरण आलं, रस्ता आला, तर कुणी म्हणेल इथे खरेदीखतंच नाहीत, दर कशावरून काढू? तेव्हा २०१३ चा भूसंपादन कायदा पुढे करा. त्यात वनहक्कधारकालाही जमीनमालक मानलंय. कलम २६ सांगतं, की जिथे जमिनीच्या व्यवहारावर कायद्याचीच बंदी आहे, तिथे लागूनच्या भागातल्या तशाच जमिनीच्या भावावरून सरकारने किमान दर ठरवायचा. पण ही भरपाई मागायला उभं राहायचं तर कागदावर नाव पाहिजे.

म्हणून गावोगाव हे करा. प्रत्येक पट्टेदाराने आपल्या गटाचा उतारा काढून पाहावा. नाव नसेल तर पट्ट्याची झेरॉक्स जोडून तहसीलला अर्ज द्यावा, पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांचे उतारे शिकलेल्या पोरा-पोरींनी काढावेत. ग्रामसभेत चावडी वाचन मागा, नावं मोठ्याने वाचून घ्या. कुणाचं राहिलं ते तिथेच लिहा आणि ठराव करा.

मोबाइलवर भाव बघायची आम्हाला घाई नाही. आधी आमचं नाव दिसू द्या.

लढेंगे, जीतेंगे!