कोंबडी का विकतेस?

मंगळवार हा आपल्या ऑफिसवाल्यांच्या आठवड्यातला सगळ्यात फालतू वार. सोमवारला निदान शिव्या खाण्याचा मान असतो, शुक्रवारचं तर विचारूच नका. मंगळवारला कुत्रं विचारत नाही. पण सावंतवाडीत मंगळवार म्हणजे बाजार! तसाच पलीकडे गोव्यात म्हापशाचा शुक्रवार. तेव्हा लाँग वीकेंडला बीचवर पडून राहायला जाणाऱ्या मंडळींनो, एक सकाळ आठवडी बाजारासाठी काढा. सुकी मासळी, मसाले, कोकम हे सगळं बघून झालं, की जिकडून कोंबड्यांचा आवाज येतोय तिकडे वळा. खरी गंमत तिथे आहे.

इथे एमआरपी नाही, बारकोड नाही, एक्सपायरी डेट नाही. गावठी कोंबडी बऱ्याचदा काट्यावर जातही नाही, नगावर विकली जाते. घेणारा ती हातात उचलून वजनाचा अंदाज घेतो, पिसं फुंकून कातडी बघतो, छातीचं हाड चाचपतो आणि ‘बरी आहे’ एवढंच पुटपुटतो. खरं मत तोंडावर दाखवायचं नाही, हा पहिला नियम. आमच्या सेल्सच्या पोरांना ट्रेनिंगला इथेच पाठवायला हवं.

विकणाऱ्यांत दोन जाती. एक टेम्पोवाला. याच्याकडे जाळीच्या पिंजऱ्यात शंभर-दीडशे पक्षी, सगळे एका वयाचे, एका मापाचे. दुसरी, टोपलीत दोन कोंबड्या आणि एखादा कोंबडा घेऊन पहिल्या एसटीने आलेली बाई. दोघेही ‘गावठी’ म्हणूनच ओरडतात. आता इथे आपले फंडे क्लिअर हवेत. टेम्पोतल्या रंगीत कोंबड्या पुष्कळदा सुधारित जातींच्या असतात. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. दोन्ही परसात पाळायला उत्तम, वजनही झटपट धरतात. यात वाईट काहीच नाही. वाईट एवढंच, की त्यांना गावठी म्हणून गावठीचा भाव लावला जातो.

खरी गावठी अंगाने हलकी, पायाने चपळ आणि स्वभावाने आगाऊ. संध्याकाळी खुराड्याऐवजी फणसावर जाऊन बसेल. वर्षाला अंडी देईल जेमतेम साठ-सत्तर, तीही हप्त्याहप्त्याने. बारा-पंधरा अंडी झाली, की बाईसाहेब खुडूक होणार आणि एकवीस दिवस अंड्यांवर ठाण मांडून बसणार. पिंजऱ्यातली लेअर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दुकानात पोचतो. त्यांच्यापुढे गावठीचं अप्रेझल केलं, तर तिला पहिल्याच फेरीत नारळ! पण ती खाते घरातलं खरकटं आणि अंगणातले किडे, आणि आपली पुढची पिढी स्वतःच उबवते. नो मशीन, नो मॅनेजर.

अंड्याच्या रंगावर मात्र जाऊ नका. कवचाचा रंग जातीवर ठरतो. ऱ्होड आयलंड रेड ही परदेशी कोंबडी छान तपकिरी अंडी देते, तीही पिंजऱ्यात बसून. शहरात ‘तपकिरी म्हणजे गावठी’ म्हणून जे जादा पैसे मोजले जातात, ते निव्वळ रंगाचे.

माझी आत्या सावंतवाडीजवळच्या खेड्यात राहते. कोंबड्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. मागच्या खेपेला तिला राखणीसाठी कोंबडा हवा होता. आमच्याकडे गावच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा असतो, आणि तिथे गिरिराज चालत नाही, गावठीच लागतो. तो मिळाला साडेसातशेला. परत निघताना तिची नजर एका बाईच्या टोपलीवर गेली. आत एकच कोंबडी. तुरा लालबुंद, पिसं तुकतुकीत. आत्याने ती उचलली, शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून अंतर बघितलं. तीन बोटं मावली. म्हणजे कोंबडी अंड्यावर आहे. अंडी देत नसलेल्या कोंबडीत तिथे जेमतेम एक बोट जातं.

मला वाटलं, आता भाव. पण आत्याने विचारलं, “बाय, अंड्यावरची कोंबी कित्याक इकतंस गो?”

इंटरव्ह्यूत एचआरवाली विचारते ना, “आधीची नोकरी का सोडताय?” अगदी तोच प्रश्न. कोंबड्यांच्या बाजारातला हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, कारण कोंबडे खुशाल विकतात, पण अंडी देणारी कोंबडी सहसा कुणी सुखासुखी विकत नाही. एक तर तिच्यात खोट असते, नाही तर घरात अडचण असते.

“चेडवाची फी भरूची आसा,” बाई म्हणाली. मुलीला आयटीआयला प्रवेश मिळाला होता. पैसे भरायचा शेवटचा दिवस गुरुवार. भाव सांगितला सहाशे. शेजारी उभा असलेला एक व्यापारी मघापासून चारशेवर अडून बसला होता. त्याला घाई नव्हती. दुपारी एसटीच्या वेळेला ती कोंबडी चारशेला सुटणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी मोबाइल काढला. बाईच्या टोपलीला क्यूआर कोडचा पुठ्ठा होताच. पण तिने मान हलवली. “रोख दी. ता खाता घोवाचा.”

बॉस, एवढ्या एका वाक्यात सगळी इकॉनॉमी आली! काजूचे पैसे घराचे, भाताचे पैसे घराचे, मुंबईहून येणारी मनीऑर्डर सासूच्या हातात. कोंबडीचे पैसे तेवढे बाईचे. वही, चप्पल, औषध, माहेरी जायचं तिकीट हे सगळं त्या टोपलीतून निघतं. तिच्यासाठी कोंबडी म्हणजे सेव्हिंग अकाउंट, आणि अंड्यावरची कोंबडी विकणं म्हणजे मुदतीआधी एफडी मोडणं.

आत्याने सहाशे रोख मोजले आणि कोंबडी पुन्हा तिच्याच टोपलीत ठेवली. “कोंबी तुझ्याकडेच ऱ्हवांदे. पिलां अर्धी-अर्धी.”

याला म्हणतात अर्धलीने देणं. कोंबडी एकीची, राबणूक दुसरीची, पिल्लं निम्मी-निम्मी. शेळ्यांच्या बाबतीतही हे चालतं. कागद नाही, सही नाही. खेड्यात कोंबड्यांचा निम्मा व्यवहार असा अदलाबदलीचाच असतो. उबवायला अंडी देऊन तेवढीच परत घ्यायची, किंवा आपला कोंबडा देऊन दुसऱ्या वाडीतला आणायचा, म्हणजे त्याच त्या रक्ताची पिल्लं होत नाहीत. जेनेटिक्सचं पुस्तक न उघडता!

आत्याने तिच्यावर मेहेरबानी केली, असं मात्र समजू नका. अंड्यावरची कोंबडी फुकट सांभाळून मिळाली आणि निम्मी पिल्लंही. तिचा हिशेब चोख होता. व्यापाऱ्याचा हिशेब आजच्या दुपारपर्यंतचा, आत्याचा पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा, एवढाच काय तो फरक.

या बाजारात एक खरी धोक्याची गोष्ट आहे, ती म्हणजे रोग. दहा गावांचे पक्षी एका जागी येतात आणि संध्याकाळी दहा गावांना जातात. गावात ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग असाच पसरतो आणि आठवड्यात खुराडं रिकामं करतो. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. अशा वेळी त्या भागातली विक्री बंद होते. मोठ्या पोल्ट्रीवाल्याचं नुकसान पेपरात येतं, टोपलीवालीचं येत नाही.

तेव्हा फार्महाउसवर किंवा गावच्या घरी कोंबड्या पाळायचा प्लॅन असेल, तर एवढं लक्षात ठेवा. डोळे चमकदार, नाक कोरडं आणि शेपटीखालची पिसं स्वच्छ असलेला पक्षी घ्या. लस दिली आहे का ते विचारा. घरी नेल्यावर किमान दोन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून लांब ठेवा. हात साबणाने धुवा. आणि प्लीज, पाय धरून उलटी लटकवत नेऊ नका, टोपली घ्या. गटारीच्या आधी भाव चढलेला असतो, श्रावण लागला की उतरतो.

राहता राहिली घासाघीस. ती हवीच, त्याशिवाय बाजाराला मजा नाही. पण ती टेम्पोवाल्याशी करा. त्याच्याकडे दीडशे पक्षी आहेत. टोपलीवालीला आधी एवढंच विचारा, का विकतेस? उत्तर ऐकून घ्या, आणि मगच ठरवा की शंभर रुपये सोडवायचे की सोडून द्यायचे.

आणि हो, खिशात रोख न्या.