योकोहामाचं शून्य

सपोर्ट प्रोजेक्टवर काम केलेल्या कुणालाही 'ऑन होल्ड' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिकीट सुटत नाहीये, घड्याळ पळतंय, मग स्टेटस बदलायचं: 'कस्टमरच्या उत्तराची वाट पाहतोय.' घड्याळ थांबतं. महिनाअखेरीला डॅशबोर्ड हिरवागार. मीही केलंय हे, खोटं कशाला बोलू. ज्याचं तिकीट असतं त्याचा सर्व्हर मात्र बंदच असतो.

जपानमधल्या योकोहामा शहराने 2013 च्या मे महिन्यात जाहीर केलं, की 1 एप्रिलला आमच्याकडे पाळणाघराच्या जागेसाठी थांबलेलं एकही मूल नव्हतं. शून्य. तीनच वर्षांपूर्वी, 2010 मध्ये, हा आकडा 1,552 होता आणि अख्ख्या देशात त्यांचा नंबर शेवटून पहिला होता. पंतप्रधान शिंझो आबे तर आधीपासूनच 'योकोहामा पद्धती'चं कौतुक करत होते. देशभर 4 लाख जागा वाढवायच्या आणि 2017-18 पर्यंत सगळीकडे शून्य करायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

आता त्याच यादीच्या शेजारची दुसरी यादी बघा. अर्ज केला, हव्या त्या पाळणाघरात जागा मिळाली नाही, अशा मुलांना तिथे 'होर्यू जिदो' म्हणतात. होर्यू म्हणजे चक्क 'होल्ड'! शून्याच्या त्या दिवशी योकोहामात अशी सुमारे सतराशे मुलं होती.

ती मोजली का नाहीत? कारण 'थांबलेलं मूल' कुणाला म्हणायचं, यात पळवाटा होत्या. जागा मिळाली नाही म्हणून आईने बाळंतपणाची रजा वाढवली? मग मूल आईजवळ आहे, थांबलेलं नाही. दूरच्या पाळणाघराची जागा नाकारली, कारण मोठा भाऊ जवळच्यात जातो? मग ती तुमची निवड. नोकरी शोधून थकून शोध थांबवला? मग तुम्हाला गरजच नाही. 2017 मध्ये केंद्र सरकारने व्याख्या बदलली आणि जागा मिळाल्यास कामावर परतू इच्छिणाऱ्या रजेवरच्या पालकांची मुलंही मोजायला लावली. म्हणजे तोवर काय चाललं होतं हे सरकारनेच कबूल केलं.

इथे बहुतेक लेख 'बघा, सगळे आकडे खोटे' म्हणून संपतात. मला ते पटत नाही. योकोहामाने नुसतं स्टेटस बदललं नव्हतं. फुमिको हायाशी 2009 मध्ये महापौर झाल्या. त्याआधी त्यांनी बीएमडब्ल्यूच्या टोकियोतल्या विक्री कंपनीचं नेतृत्व केलं होतं, आणि कारभारात तो सेल्सवाला स्वभाव दिसतो. पाळणाघरं चालवायला खासगी कंपन्यांना दारं उघडली. तीन वर्षांत सुमारे दहा हजार जागा वाढल्या. शहराच्या 18 वॉर्डांत 'कॉन्सिएर्ज' नेमले, म्हणजे हॉटेलात पाहुण्याला वाट दाखवणारा असतो ना, तसा पालकांसाठी. नकाराचं पत्र आलेल्या घरी फोन करायचा, अडचण ऐकायची, किंडरगार्टनच्या जादा वेळेत जमतंय का, दुसऱ्या छोट्या केंद्रात जमतंय का, ते जुळवून द्यायचं. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हेच. जागेइतकाच माणूसही लागतो, जो विचारेल: तुमचं मूल उद्या कुठं असणार आहे?

आणि तरीही शून्य टिकलं नाही. जागा मिळतायत म्हटल्यावर, ज्या आयांनी आशा सोडली होती त्यांनी अर्ज भरले. 2014 मध्ये यादीत 20 मुलं होती. त्यावर टिंगल झाली, पण मला ते अपयश वाटत नाही. लोक रांगेत उभे राहायला लागले, कारण रांग पुढं सरकते असा त्यांना विश्वास वाटला. शून्य हे ध्येय ठेवलं की अशी नवी माणसं नकोशी होतात. मग व्याख्या आवळायचा मोह होतो, खेळायला अंगण नसलेल्या जागेत पाळणाघर काढायचा मोह होतो, सांभाळणाऱ्या बायकांचे पगार तेच ठेवायचा मोह होतो. जपानमध्ये एक वर्षाखालच्या तीन मुलांमागे एक शिक्षिका लागते. लायसन्स असूनही हजारो जणी हे काम करत नाहीत, कारण पगार कमी आणि जबाबदारी जिवाची. भिंती पैशाने पटकन उभ्या राहतात हो, माणसं नाही.

देशाचं शून्य तर लांबतच गेलं. 2017 मध्ये यादीत 26 हजारांवर मुलं होती. मुदत 2020-21 च्या अखेरीपर्यंत ढकलली, आणि ती उलटून गेल्यावर, एप्रिल 2021 मध्येही 5,634 मुलं उरलीच.

मी हे सगळं वाचायला लागले, कारण माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. जपानी क्लायंटचं काम करता करता मोडकंतोडकं जपानी येतं, तेवढ्या जोरावर रात्री तिला झोपवताना मोबाइलवर वाचत बसायचे. सुरुवातीला हसू यायचं. मग एका रात्री लक्षात आलं, की मी त्यांच्यावर हसतेय, पण माझ्या शहरात माझ्या मुलीचं नाव कुठल्याच यादीत नाही. होल्डवरसुद्धा नाही.

आमच्याकडची व्यवस्था सांगते. माझी आई सोलापूरहून आली. सहा महिन्यांसाठी आली होती, आता वर्ष होत आलं. बाबा तिकडे एकटे, डबा लावलाय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं. मी हिंजवडीत स्टँडअप कॉल करते तेव्हा ती एका डोळ्याने नातीला भात भरवत असते. कुणी म्हणेल, आजी आहे ना, नशीबवान आहात. आहेच. पण योकोहामाने रजेवरच्या आईला जसं यादीतून वगळलं, तसंच आपण देशातल्या तमाम आज्यांच्या जिवावर यादीच रद्द केलीय. आणि जिची आई येऊ शकत नाही ती मैत्रीण गपचूप राजीनामा देते. एचआर त्याला 'वैयक्तिक कारण' म्हणतं.

कायदा आहे, माहितीये. 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची रजा दिली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. पण कायद्याने मालकाला दिलेली जबाबदारी म्हणजे शहराची यादी नव्हे. 30 जणांच्या स्टार्टअपमधली टेस्टर, आमच्या सोसायटीत पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई, यांची मुलं त्या कायद्यात येतच नाहीत. ताईंचा धाकटा जिन्यात बसून मोठ्या बहिणीच्या मोबाइलवर कार्टून बघतो. बहीण नऊ वर्षांची आहे. अंगणवाडी काही तासांची, ताईंची कामं संध्याकाळपर्यंत.

जपानचा कायदा ही जबाबदारी नगरपालिकेवर टाकतो. म्हणून तिथे आकडा निघतो, पालक भांडतात, विरोधी पक्ष संसदेत विचारतो की अमुक मुलं का मोजली नाहीत. भांडायला आधी आकडा लागतो, चुकीचा का असेना. आपल्याकडे नगरसेवकाला विचारा, तुमच्या वॉर्डात तीन वर्षांखालच्या किती मुलांना दिवसभर सांभाळायला कुणी नाही? तो उद्यानातल्या ओपन जिमचं उद्घाटन सांगेल.

त्यामुळे मला योकोहामाचं शून्य नकोच आहे. त्यांचे 1,552 द्या. वॉर्ड ऑफिसात एक खिडकी, एक फॉर्म, एक माणूस जो फोन करेल. फॉर्मवर माझ्या मुलीचं नाव असेल, ताईंच्या धाकट्याचं असेल. नंबर चार हजारावा लागला तरी चालेल, पावती तेवढी द्या.