हॉग एकटा नव्हता

‘द चिल्ड्रन ऑफ हुआंग शी’ हा २००८चा चित्रपट पाहून अनेकांचे डोळे पाणावतात, तर काहींना राग येतो : चीनमधल्या अनाथ मुलांना वाचवायला पुन्हा गोरा नायकच का? हा राग मला अर्धाच पटतो. चित्रपटाचा हा नायक, जॉर्ज हॉग, काल्पनिक माणूस नव्हे. १९३१ मध्ये लंडनच्या किंग्जली हॉलमध्ये गांधीजी ज्यांच्याकडे उतरले, त्या म्यूरिएल लेस्टर यांचा हा भाचा. चीनमध्ये त्याने आधी बातमीदारी केली, मग शुआंगशिपूच्या शाळेचा तो मुख्याध्यापक झाला. सैन्यभरती आणि जपानी चढाई या दोन्हींपासून मुलांना दूर ठेवण्यासाठी १९४४-४५च्या हिवाळ्यात सुमारे साठ मुलांना डोंगर ओलांडून त्याने हजारएक किलोमीटरवरच्या शानदानला नेले. तिथेच जुलै १९४५ मध्ये, पायाच्या बोटाला झालेल्या जखमेतून धनुर्वात होऊन तो गेला. वय अवघे तीस. अशा माणसावर चित्रपट निघालाच पाहिजे.

माझी तक्रार आहे ती त्याला एकटा पाडल्याची. ती शाळा चीनच्या औद्योगिक सहकारी चळवळीची होती आणि न्यूझीलंडचे रेवी ॲली हे त्या चळवळीचे मोठे आधारस्तंभ. चित्रपटात ॲली नाहीतच. शाळेत मुलांना नुसता आसरा नव्हता. ती हाताने काम शिकत होती, पुढे सहकारी उद्योग चालवावेत म्हणून. हे गाळले की मुलांकडे वाचवले जाण्यापलीकडे काही काम उरत नाही. उलट नानजिंगच्या कत्तलीचा साक्षीदार म्हणून हॉग दिसतो. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग पडले तेव्हा तो चीनमध्ये नव्हताच.

चित्रपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, दोन तासांत किती माणसे बसवणार, असे यावर म्हटले जाते. पण रचलेली प्रेमकथा आणि रचलेला गनिमी योद्धा त्यात आरामात बसले आहेत. दुसरा मुद्दा अधिक वजनाचा : चित्रपट नसता तर हॉग आपल्याला कळला असता का? बहुधा नाही, आणि म्हणूनच जबाबदारी वाढते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व्ही. शांतारामांच्या १९४६च्या चित्रपटामुळे घरोघर पोचले. १९३८ मध्ये त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या चार डॉक्टरांपैकी नागपूरचे चोळकर मात्र आज फारसे कुणाला आठवत नाहीत. पडदा ज्याला वगळतो, त्याला लोकही विसरतात. ॲलींसाठी दिग्दर्शक रॉजर स्पॉटिसवूड यांना एखाददुसरा प्रसंग पुरला असता. हॉग गेल्यावर शानदानची ती शाळा ॲलींनीच चालवली.