अर्ध्या तिकिटाचा वाढदिवस

आमच्या नातवाला एसटी आवडते. किती, तर लांबून येणारी गाडी साधी, निमआराम की शिवशाही, हे बोर्ड वाचता येत नसताना तो सांगतो. मी जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर अठ्ठावीस वर्षं एसटीनं ये-जा केली, त्यातली निम्मी उभ्यानं. त्या लाल डब्यावर कुणाचा इतका जीव जडू शकतो, हे मला नवीनच होतं.

गेल्या वर्षी त्याचा चौथा वाढदिवस हॉल घेऊन झाला. थीम अंतराळाची. ती कुणाला सुचली, हे आता घरात कुणीच कबूल करत नाही. फुग्यांची कमान, गळ्याशी टोचणारा चंदेरी सूट, माइकवर ओरडणारा एक तरुण. उत्सवमूर्ती केक कापेपर्यंत कशीबशी टिकली, मग फुगे फुगवणाऱ्या माणसाच्या पंपाशेजारी जाऊन बसली. तो माणूस सामान आवरेपर्यंत उठली नाही. घरी येताना मी विचारलं, काय आवडलं रे? "पंप."

सून चुकली असं मी म्हणणार नाही. सोसायटीतल्या दहा-बारा घरी आम्ही जेवून आलो होतो, रिटर्न गिफ्टच्या पिशव्या घेऊन आलो होतो. ते फेडावं लागतं, पूर्वी हळदीकुंकवाचं फेडावं लागायचं तसंच. मेणबत्त्या विझवाव्यात की दिवे लावावेत, या वादातही मला पडायचं नाही. सुपारी-अंगठीनं ओवाळून झालं की केकचा पहिला तुकडा मीच मागते. माझी तक्रार एवढीच, की त्या अख्ख्या हॉलमध्ये पोराच्या आवडीचा फक्त पंप होता, आणि तोही चुकून आला होता.

यंदा त्याला विचारलं. उत्तर ठरलेलंच होतं. सजावटवाल्याकडे वाहनांची थीम तयार होती, त्यानं फोटो पाठवले. लंडनची दुमजली बस, पिवळी स्कूलबस, डोळा मारणारी मोटार. नातवानं एकेक फोटो सरकवून पाहिला. "यात लालपरी कुठाय?" नव्हती. कागदी ताटलीवर एसटी कुणी छापत नाही.

मला बरं वाटलं. पोराला एखादी गोष्ट आवडली, की आपण लगेच तिची चित्रं विकत आणायला धावतो. डायनासोर आवडला की डायनासोरचा सदरा, चादर, डबा, केक. महिन्याभरात पोर कंटाळतं आणि आपण म्हणतो, खूळ गेलं एकदाचं. खरा डायनासोर दाखवता येत नाही, हे मान्य. पण एसटी तर स्वारगेटला हवी तेवढी उभी असते! तिच्यासाठी हॉल कशाला?

म्हणून वाढदिवसाच्या सकाळी ओवाळून झाल्यावर आम्ही चौघं स्वारगेटहून भोरच्या गाडीत बसलो. त्याला खिडकी. कंडक्टरनं मशीन काढून विचारलं, "मुलाचं वय?" सून सवयीनं म्हणाली, "चार." पाचच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, आणि हे उत्तर महाराष्ट्रातल्या आयांच्या तोंडी आपोआप येतं, मीही माझ्या मुलाचं वय बरीच वर्षं चारच सांगत होते. नातू सीटवर उभा राहून ओरडला, "पाच! आज पाच!" गाडी हसली. सुनेचे कान लाल झाले. कंडक्टर म्हणाला, "मग काय साहेब, अर्धं तिकीट काढावं लागेल."

अर्धी तिकिटं तीन निघाली. २०२३ पासून बायकांना निम्मंच भाडं आहे, त्यामुळे सून आणि मीही अर्ध्यात. मी बाई म्हणून अर्धी आणि ज्येष्ठ म्हणूनही अर्धी, पण दोन्ही मिळून फुकट होत नाही, हे विचारून घेतलंय. फुकटासाठी पंचाहत्तरी गाठायला हवी. पूर्ण तिकीट एकट्या मुलाचं. नातवानं आपलं तिकीट भोर येईपर्यंत मुठीत धरलं होतं. उतरताना ते घामानं भिजून गोळा झालं होतं.

वाटेत कंडक्टरनं त्याला दोनदा घंटीची दोरी ओढू दिली. एक टोला थांबायला, दोन टोले निघायला. त्यानं दोन टोले दिले आणि खरोखरच गाडी हलली. आपण ओढल्यावर एवढं मोठं धूड निघतं, हे कळल्यावर त्याचा चेहरा काय झाला, ते लिहिणं मला जमणार नाही. फोटोही नाही. आम्ही तिघंही बघतच राहिलो.

भोरला वडापाव खाताना त्यानं विचारलं, "आजी, एसटीचा वाढदिवस कधी असतो?"

हे मला माहीत होतं. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. विजेवरची शिवाईसुद्धा २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच रस्त्यानं निघाली. पाठ असायचं कारण म्हणजे शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीखही १ जूनच आहे, साल १९५९. खरी तारीख घरात कुणाला आठवत नव्हती, गुरुजींनी लिहून टाकली. पुढे मी स्वतः शाळेत बाई झाले आणि 'जत्रेच्या आदल्या दिवशी झाली' म्हणून आणलेल्या कित्येक पोरींना तीच तारीख देऊन टाकली. शाळा जूनमध्ये उघडायची, वय मोजायला सोपं जायचं. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, तोही सुट्टीत. कुणी कधी साजरा केला नाही.

"म्हणजे तू आणि एसटी जुळ्या?"

"ती अकरा वर्षांनी मोठी."

त्यानं वडापाव खाली ठेवून विचार केला. १ जूनला आम्ही दोघांनी स्वारगेटला जायचं ठरलंय. हार गाडीला. मला चॉकलेट.