आश्रमांतील कुत्रें घरीं आणावें काय?

गेल्या महिन्यांतील पत्रांपैकीं एका वाचक भगिनीचें पत्र आम्हीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें होतें. घरांत लहानमोठीं ९ माणसें. धाकट्या दिरांच्या मनांत भटक्या प्राण्यांच्या आश्रमांतून ४ वर्षांचें एक देशी कुत्रें आणावयाचें आहे. त्यास कोणतेंही शिक्षण मिळालेलें नाहीं. गळ्यांतील पट्टा, अंथरूण, बंद दार यांपैकीं कशाचीच त्यास ओळख नाहीं. सासूबाई ७८ वर्षांच्या असून सोवळें पाळतात, आणि जाऊबाईंचा मुलगा ४ वर्षांचा आहे. ‘आणावें कीं न आणावें, एवढेंच सांगा,’ असें त्या लिहितात. एवढेंच सांगणें आम्हांस साधणारें नाहीं. वाचकांनीं थोडा धीर धरावा.

प्रथम सासूबाईंच्या आक्षेपाविषयीं. तो जुनाट म्हणून हंसून सोडणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांपैकीं नव्हे. श्वानस्पर्श अशुचि मानणारीं वचनें धर्मशास्त्रांत आहेत, हें खरें. पण त्याच शास्त्रानें गृहस्थाच्या वैश्वदेवांत कुत्र्याचाही घांस राखून ठेविला आहे. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या भावांनीं अपराध नसतां सरमेच्या पिलास मारिलें, म्हणून ती भर सत्रांत येऊन शाप देते. आणि महाप्रस्थानाच्या शेवटीं सोबतच्या श्वानास टाकून स्वर्गांत येण्यास युधिष्ठिर साफ नकार देतो. मात्र तेथेंच इंद्र त्यास बजावतो कीं, कुत्रीं बाळगणारांस स्वर्गांत जागा नाहीं. (पाणिनीनें श्वन्, युवन् आणि मघवन् म्हणजे प्रत्यक्ष इंद्र, या तिघांस एकाच सूत्रांत बांधलें, ही आम्हां जुन्या मास्तरांची आवडती गंमत.) शिवाय युधिष्ठिराचें कुत्रें वाटेनें मागून चालत होतें, त्याच्यापायीं कोणास फरशी पुसावी लागली नव्हती. तेव्हां शास्त्राचा आधार दोन्ही पक्षांस मिळेल. निर्णय घरकामाच्या हिशेबावरच करावा लागेल.

त्या हिशेबांतील मुख्य रक्कम पत्रांत ओझरती आली आहे. दीर व जाऊबाई सकाळीं ९ वाजतां नोकरीस जातात आणि संध्याकाळीं ७ वाजतां परततात. म्हणजे कुत्रें दिरांचें, पण त्याचा दिवस सासूबाईंच्या आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या पदरांत. हौस एकाची आणि उस्तवार दुसऱ्याची, हा प्रकार आपल्या एकत्र कुटुंबांत नवा नाहीं. पण येथें त्याची मुदत लांब आहे. देशी कुत्रें नीट निगा राखल्यास १२-१४ वर्षें जगतें. आज आणलेलें जनावर आणखी आठदहा वर्षें घरांत राहील. मधल्या काळांत दिरांची बदली झाली तर तें कोणाकडे राहणार, हें आजच विचारलेलें बरें. म्हणून दुपारीं घरीं असणाऱ्यांची संमति आधीं घ्यावी, आणि ती चहाच्या वेळीं सर्वांसमक्ष न विचारतां एकेकीस निराळी विचारावी. सर्वांसमक्ष आपल्या घरांतील बायका ‘माझें काय, आणा’ असेंच म्हणतात.

वयस्क कुत्र्यास शिकवितां येत नाहीं, ही समजूत मात्र निराधार आहे. पिलाचा जगाशीं परिचय होण्याचा मुख्य काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो, आणि त्या काळांत जें भेटलें नाहीं त्याचें भय पुढें सहजीं जात नाहीं, हें खरें. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यास झाडू, काठी, उगारलेला हात यांची ओळख पुरेपूर असते. मिक्सरच्या आवाजाची किंवा गुळगुळीत फरशीची नसते. पण शिकणें वयाबरोबर संपत नाहीं. शिवाय वाढलेल्या कुत्र्याचा आकार आपल्यासमोर असतो आणि स्वभाव आश्रमांतील सेवकांस ठाऊक असतो; पिलू पुढें कसें निघेल तें कोणी सांगावें?

शिकविण्याची रीत सोपी आहे. एकत्र कुटुंबांत ती अवघड होते. कुत्रें शब्दाचा अर्थ जाणत नाहीं, ध्वनि ओळखतें. आजी ‘बैस’ म्हणणार, नातू ‘सिट’ म्हणणार, काका ‘खालीं हो’ म्हणणार. ९ मास्तर आणि १ विद्यार्थी अशा शाळेंत कोणीही नापास होईल. शब्द एकच ठरवावा, आणि हवें तें घडलें कीं त्याच क्षणीं घांस द्यावा. घाण केल्यावर तासाभरानें चापट मारणें व्यर्थ. त्यास गुन्हा कळत नाहीं, मारणारा तेवढा लक्षांत राहतो. उठल्यावर, जेवणानंतर आणि निजण्यापूर्वीं त्यास बाहेर न्यावें. पहिल्या महिन्यांत दिवसाच्या पांचसहा फेऱ्या होतात. उंबऱ्यापाशीं थांबण्यास कुत्रें शिकतें, म्हणून स्वयंपाकघर व देवघर पहिल्या दिवसापासून त्यास बंद ठेवितां येईल. आज कौतुकानें आंत घ्यावयाचें आणि उद्यां सोवळ्याच्या दिवशीं हांकलावयाचें, असें करूं नये.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें कीं, लांडग्याच्या मानानें कुत्र्यास पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति अधिक आली आहे. त्यामुळें भात-पोळी त्यास चालते. पण केवळ दूधपोळीवर त्याचें पोषण होत नाहीं. अंडें घरांत शिजवावयाचें नसेल तर प्राणिवैद्यास विचारून तयार खाद्य आणावें, आणि हा वाद कुत्रें येण्याआधींच मिटवावा. द्राक्षें, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकोलेट हे पदार्थ त्यास घातक आहेत. सत्यनारायणाचा प्रसाद प्रेमानें भरविणाऱ्या आजीस त्यांतील बेदाण्याची शंका येत नाहीं, म्हणून लिहिलें.

मुलाच्या बाबतींत आम्ही कठोर राहूं. जेवणाऱ्या किंवा निजलेल्या कुत्र्याजवळ त्यास जाऊं देऊं नये. मोठें माणूस नसतां दोघांस एका खोलींत ठेवूं नये. गुरगुरणें ही कुत्र्याची सूचना असते. त्याबद्दल मार बसला तर तें सूचना देणें सोडतें आणि एकदम चावतें. दांत लागलाच तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवावी, हळद-चुना-तिखट कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. लस मात्र वेळेवर घेतली तर रोग टळतो. पाश्चरनें १८८५ सालीं ९ वर्षांच्या मुलास ती प्रथम टोंचली, त्यास आतां फार वर्षें झालीं. तरी घरगुती लेप अद्याप सुटत नाहींत.

आमचें मत म्हणाल तर आणावें, पण अटींवर. घरांतील सर्वांनीं, मुलासकट, आश्रमांत तीनचार वेळां जावें. लसी झाल्या आहेत काय, शस्त्रक्रिया झाली आहे काय (आपल्याकडे तिची खूण म्हणून बहुधा कानाचें टोंक कापलेलें असतें), लहान मुलांशीं तें कसें वागतें, हें विचारावें. अन्नाच्या भांड्याजवळ कोणी गेल्यास ताठ होऊन गुरगुरणारें कुत्रें, कितीही दया आली तरी, या घरांत आणूं नये. बुजरें पण हळूहळू जवळ येणारें चालेल. कित्येक आश्रम कायमचें देण्यापूर्वीं कांहीं दिवस पाहुणें म्हणून ठेवूं देतात. तशी मुभा मागावी, आणि पंधरवड्याची न मागतां महिन्याची मागावी. पहिल्या दिवसांतील शांतपणा पुष्कळदां भीतीचा असतो. खरें कुत्रें तीनचार आठवड्यांनीं दिसूं लागतें. दिवाळी तोंडावर असेल तर फटाके संपेपर्यंत थांबावें. महिन्याअखेर सासूबाईंचें मत काय पडलें, तें आम्हांस त्यांच्याच शब्दांत वाचावयास आवडेल. त्यांनीं सांगावें आणि सूनबाईंनीं लिहून पाठवावें.