दिनविशेष : १ जून, गावोगावचा वाढदिवस

वाचकहो, या आठवड्यात १ जून येतो आहे. रोहिणी नक्षत्र निम्मे सरलेले असते, मृग आठवड्यावर आलेला असतो आणि बियाण्याच्या दुकानापुढे गर्दी वाढू लागते. या एका तारखेला काय काय घडले ते आज पाहू. आणि त्याबरोबर आपल्या घरातल्या एका कागदाकडेही पाहू.

प्रथम पावसाचे. हवामान खाते मोसमी पावसाचा हिशेब १ जून ते ३० सप्टेंबर असा धरते. पाऊस केरळात पोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून, तर मुंबईची ११ जून. पण ही सरासरी आहे, वायदा नव्हे. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आपले सिन्नर मात्र पर्जन्यछायेत. तिकडचे ढग पाहून इकडे पाभर जुंपू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेली म्हणजेच पेरणी करावी. दुबार पेरणीचे बियाणे कोणी फुकट देत नाही.

आता प्रवासाचे. १ जून १९३० रोजी पुण्या-मुंबईच्या मार्गावर ‘दख्खनची राणी’ ही आगगाडी सुरू झाली. पुढे अठरा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आगगाडी रुळावरच्या गावांची, एसटी मात्र आडवाटेच्या गावांची झाली. बाजाराला जाणारी बाई, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुलगी आणि दवाखान्यात न्यायचा म्हातारा या सर्वांना तिनेच नेले. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.

१ जून १९२९ ही अभिनेत्री नर्गिसची जन्मतारीख. १९५७ सालच्या ‘मदर इंडिया’ चित्रपटात सावकाराच्या कर्जाखाली पिचलेली, स्वतः नांगर ओढणारी शेतकरीण तिने उभी केली. पडद्यावरची ती बाई खेड्यातल्या बायकांना परकी वाटली नाही.

अलीकडची आठवण २०१७ ची. त्या वर्षी १ जूनपासून शेतकरी संपावर गेले. ठिणगी पडली ती शेजारच्या जिल्ह्यातल्या पुणतांब्यात. आपल्याकडचे बाजारही थंडावले, दूध रस्त्यावर ओतले गेले. २४ जूनला सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. योगायोग असा की २००१ पासून हाच १ जून जगभर दूध दिन म्हणून पाळला जातो.

परंतु या सगळ्यांहून मोठा दिनविशेष आपल्या घरात आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहा. निम्म्यांची जन्मतारीख १ जून निघेल. माझी स्वतःचीही तीच आहे. सरकारी नोकरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी शाळा-कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते.

एवढी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? उत्तर सोपे आहे. बाळंतपण घरी होई, नोंद कोणी करीत नसे. शाळा जूनमध्ये भरे. बाप पोराला गुरुजींपुढे उभा करी. पोराने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला की ते सहा वर्षांचे समजायचे. तारीख विचारली तर आई सांगे, “बाजरी सोंगणीला लागली होती तवा झाला,” किंवा “बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी मिळायची तेव्हाचा.” आईचे सांगणे खरेच असे, पण रजिस्टरला बाजरीची सोंगणी चालत नव्हती. गुरुजींनी सहा वर्षे वजा करून १ जून लिहिले. त्यांच्यामुळे पोर शाळेत बसले, हे उपकारच म्हणायचे.

मात्र तो अंदाज माणसाला जन्मभर पुरतो. पोलीस भरतीला गेलेल्या मुलाचे वय कागदावर जास्त निघाले की तो बाहेर. एसटीत ६५ वर्षांपुढे अर्धे तिकीट आणि ७५ पुढे मोफत प्रवास आहे. श्रावणबाळ योजनेलाही ६५ वर्षे पुरी लागतात. गुडघे थकले, पण कागदावर वय भरले नाही, असे म्हातारे प्रत्येक गावात सापडतील. शेतकरी अपघात अनुदान १० ते ७५ वर्षे वयाला आहे. कागदावर वय पुढे गेले असेल तर वीज पडून किंवा साप चावून माणूस गेल्यावर घरच्यांचा अर्ज अडतो. त्यात दाखल्यावर १ जून आणि आधारवर १ जानेवारी असे असेल, तर हेलपाटे ठरलेलेच. अशांनी अडचण येण्याआधीच सर्व कागदांवर एक तारीख करून घ्यावी.

झाले ते झाले. नव्या पिढीचे तरी चोख करू या. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्माची नोंद सक्तीची आहे. २१ दिवसांच्या आत नोंद विनामूल्य होते. वर्ष उलटले तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा आणखी कडक झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. गुरुजींचा अंदाज आता चालणार नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक ठिकाणाची. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, सासरच्या गावी नाही. सून संगमनेरला बाळंत झाली असेल तर दाखला संगमनेरचाच. दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. दुसरी चूक बारशासाठी थांबण्याची. नाव ठरले नसले तरी नोंद होते, नाव मागाहून घालता येते. दाखला हाती आला की आईबापांच्या नावांतली अक्षरे तिथेच तपासून घ्यावीत.

हीच शिस्त गोठ्यालाही लावा. घरी कॅलेंडर असतेच. गाय भरवली ती तारीख त्यावर लिहा. गाईचे दिवस सुमारे २८०, म्हशीचे ३१०. १ जूनला भरवून गाभण राहिलेली गाय ८ मार्चच्या सुमारास विणार. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला आटवायला हवे. तारीख लिहिलेली नसेल तर आटवणे चुकते आणि पुढच्या वेताचे दूध घटते.

तेव्हा ज्यांचा कागदावरचा वाढदिवस १ जूनला आहे, त्या सर्वांना शुभेच्छा. घरात यंदा बाळ आले असेल तर मात्र दाखला मिळाला का, एवढे आज संध्याकाळी विचारा. एकविसावा दिवस उजाडायला वेळ लागत नाही.