‘हाऊ डू यू डू’चं उत्तर

मागल्या पावसाळ्यात आमच्या बँकेने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, ग्राहकाशी सौजन्यपूर्ण संभाषण. बावीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. एवढ्या काळात, याला बोलता येत नाही, असा आरोप घरच्या मंडळींखेरीज कुणी केलेला नाही. तरी गेलो. दोन वेळा चहा होता, जेवणात गुलाबजाम होता, आणि मुख्य म्हणजे दोन दिवस समोर रांग नव्हती.

शिकवायला पुण्याहून एक तरुण आला होता. मुलगा गुणी. त्याने फळ्यावर तीन खण पाडले. पहिल्यात लिहिलं ‘गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू’, दुसऱ्यात ‘नाइस टु मीट यू’, तिसऱ्यात ‘हॅव अ नाइस डे’. म्हणजे स्वागत, ओळख आणि निरोप. आम्ही तीसेक मध्यमवयीन माणसं, ज्यांतल्या काहींचं घरी जावई शोधणं चाललं होतं, ती वाक्यं एका सुरात घोकू लागलो. मला जिल्हा परिषदेच्या शाळेतली पाचवी आठवली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचं. चौथीपर्यंत ‘एक साथ नमस्ते’ म्हणणारे आम्ही पाचवीत एकदम ‘गुऽड मॉर्निंऽग टीऽचर’ म्हणू लागलो. शाळा दुपारची होती. पण वाक्य पाठ झालं होतं, आणि सरांनाही घड्याळापेक्षा वाक्य प्रिय होतं.

दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. म्हटलं, “पहिला खण कळला, तिसराही कळला. पण या दोन्हींच्या मध्ये ग्राहक जे बोलणार, ते कुठल्या खणात?”

तो गोड हसला. “सर, दॅट डिपेंड्स.”

वाचकहो, माझं भांडण या ‘दॅट डिपेंड्स’शी आहे.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. म्हणण्याची सोयही नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात नेहरू कैदेत होते, तिथेच 1944 मध्ये त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. ज्या गावातून असलं इंग्रजी निघालं, त्या गावच्या माणसाने इंग्रजीला नाकं मुरडू नयेत. (जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. तोंडात अजून नगरच येतं, सवय आहे.) माझं म्हणणं एवढंच की आपण इंग्रजीची कमान उभारतो आणि घर बांधायचं विसरतो. कुठल्याही इंग्लिश स्पीकिंग क्लासला जा, पहिला धडा ग्रीटिंग्जचा. आमच्या लहानपणी घरोघरी ‘रॅपिडेक्स’ होतं. कपिल देव त्याच्या जाहिरातीत असायचा म्हणून मीही ते घेतलं. पहिली दहा पानं मळली, उरलेलं पुस्तक आजही कोरं करकरीत आहे. चोराने नेलं तर नवं म्हणून विकेल.

परिणाम काय होतो ते मी काउंटरवर रोज पाहतो. शेवगावकडचा एक पोरगा शैक्षणिक कर्जासाठी आला. “गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ अमुक तमुक.” या ‘मायसेल्फ’वर हसणारे लोक आहेत. मी हसत नाही. क्लासवाल्याने त्याचे पैसे घेऊन तेच शिकवलंय, हसायचं तर क्लासवाल्याला हसावं. पुढे मी त्याच्यासमोर कागद ठेवला. त्यात ‘मोरॅटोरियम’ असा शब्द होता. म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही. पण व्याज मात्र त्या काळातही चढतच राहतं. पोराने त्या शब्दाखाली सफाईदार सही ठोकली आणि म्हणाला, “थँक यू सर, हॅव अ नाइस डे.” येणं इंग्रजीत झालं, जाणं इंग्रजीत झालं. मधल्या मधे व्याज राहिलं. मी त्याला परत बोलावून मराठीत समजावलं, तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा शेवगावचा दिसला.

बँकांनी खातं उघडायचे अर्ज, पैसे भरायच्या स्लिपा, पासबुकं इंग्रजी, हिंदी आणि तिथली भाषा अशा तिन्हींत ठेवावीत, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय. स्लिपेपर्यंत मराठी येतेही. पण कर्जाच्या जाडजूड करारापाशी पोचेपर्यंत तिला धाप लागते. म्हणजे गंमत पाहा. जिथे इंग्रजीची काडीची गरज नाही, त्या ‘या, बसा’च्या जागी आम्हाला इंग्रजी घोटून घ्यायला लावतात, आणि जिथे माणसाचं घर-शेत गुंतलेलं असतं, तिथे मराठीची आठवण होत नाही. याला सौजन्य म्हणायचं असेल तर गुलाबजाम घालून फसवणं म्हणजेही सौजन्यच.

प्रशिक्षणाहून आल्यावर मी नेमाने प्रयोग केला. पहिल्याच दिवशी पाथर्डीकडच्या एक आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आल्या. दर महिन्याला येतात. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “गुड मॉर्निंग आजी, हाऊ मे आय हेल्प यू?” आजींनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग पदर सावरत हळू आवाजात विचारलं, “का रं बाबा, मला वळखलं न्हाई का?”

पस्तीस मिनिटांच्या त्या पाठांतराचं असं झालं. ओळख नसलेल्या माणसाशी ज्या भाषेत बोलतात ती भाषा मी वापरली होती, आणि आजींनी अर्थ बरोबर लावला होता.

आपल्याकडची ओळख निराळ्या रस्त्याने जाते. ‘नाइस टु मीट यू’ भेटल्या भेटल्या म्हणायचं. आपला माणूस आधी भेटतो आणि नाइस वाटलं की नाही ते घरी गेल्यावर सांगतो. तो विचारतो, “कुठलं गाव?” तुम्ही सांगता, कोपरगाव. “कोपरगावात आमचे साडू असतात.” तिसऱ्या मिनिटाला त्या साडूच्या चुलत्याने तुमच्या मामाकडून बैल घेतल्याचं निघतं, आणि बैल मारका निघाला होता हेही निघतं. इंग्रजाचं पाहा. तो विचारतो ‘हाऊ डू यू डू’, आणि याचं उत्तर काय, तर ‘हाऊ डू यू डू’! मी कॉमर्सचा पदवीधर. प्रश्नाला प्रश्नच, म्हणजे दोन्ही बाजूंना नावे, जमा कुठेच नाही. असली वही आमच्या ऑडिटरने फाडून टाकली असती.

पत्राचंही तसंच. मोठ्यांना साष्टांग नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद, शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. कुणाला काय पोचतं करायचं याची खातेवही तयार. बी.कॉम.ला आम्ही त्या जागी ‘युअर्स फेथफुली’ शिकलो, आणि कर्ज बुडवणाऱ्यालाही बँक नोटिशीच्या खाली ‘आपला विश्वासू’ म्हणून सही करू लागली.

यावर कुणी म्हणेल, मग हॅलोच हद्दपार करा. तसा प्रयत्न झालेला आहे. 2022 सालच्या ऑक्टोबरात राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना आवाहन केलं की फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा. हॅलोचा जन्मही असाच वादातला. टेलिफोन काढणाऱ्या ग्रॅहम बेलला ‘अहॉय’ हवं होतं, एडिसनला ‘हॅलो’, एडिसनचं चाललं. मला या वादात पडायचं नाही. कुठलाही शब्द म्हणा, फोन उचलला म्हणजे झालं. आणि ज्या ‘गुड बाय’ला आपण इंग्रजी रीत म्हणून टाळतो किंवा मिरवतो, तो मुळात ‘गॉड बी विथ यू’ झिजून झालेला शब्द आहे. म्हणजे त्यांचा ‘राम कृष्ण हरी’च! फक्त आपला वारकरी म्हणताना थांबतो, हात जोडतो. तो शब्द त्याने झिजवलेला नाही.

शिवाय नमस्काराला शब्द लागतोच असंही नाही. नगरजवळ अरणगावला मेहेर बाबांचं स्थान आहे. बाबांनी 10 जुलै 1925 ला मौन घेतलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत, नंतर नुसत्या खुणांनी. हॅलो नाही, हाऊ डू यू डू नाही, आणि तरी अमेरिकेतून माणसं अरणगावला येत राहिली. आजही येतात. भेटताना ‘जय बाबा’ आणि निघतानाही ‘जय बाबा’. पहिला आणि तिसरा खण त्यांनी एकाच शब्दात उरकलाय.

हे सगळं मी डबा खाताना आमच्या हेड कॅशियरांना ऐकवलं. ते निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. वाटलं, टाळी देतील. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “आणि जोहार?”

मी गप्प.

“माझे आजोबा पाटलाच्या वाड्याबाहेर उभे राहून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे. तीही मराठीच. तुमचं ते ‘कुठलं गाव, कोणाचे तुम्ही’ कौतुकाचं असेल. आम्हाला माहीत असतं पुढचा प्रश्न आडनावाचा येणार, आणि त्याच्यापुढचा न विचारताच कळणार. त्यापेक्षा तुमचा तो हाऊ डू यू डू परवडला. तो काही विचारत नाही.”

ही बाजू माझ्या हिशेबातून सुटली होती. बावीस वर्षं एका टेबलावर डबा खातोय, आणि हे मला आज कळत होतं. चाचरत म्हटलं, “म्हणजे तुम्ही त्या पोराच्या बाजूने? फळ्यावरच्या?”

“छे. आमच्या माणसाने इंग्रजी शिकून गुड मॉर्निंग नाही म्हटलं. 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिलं. इंग्रजी शिकायचं तर ते शिकावं. आणि तोवर,” त्यांनी डब्याचं झाकण लावलं, “करार वाचून दाखवावा.”

ते स्वतः दाखवतात. कॅशचं काम संपलं की बाकावर एखाद्या म्हाताऱ्याशेजारी बसून वाचत असतात. मला वाटायचं, घरी जायचा कंटाळा आहे.

दसऱ्यानंतर आमच्याकडची ऊसतोडीची मंडळी बाहेर पडतात. पाथर्डीकडची गावं अर्धी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, पोरं. असाच एक जण काउंटरवर आला. पैसे काढले, मोजले, कनवटीला लावले. “येतो साहेब,” म्हणाला. पाच-सहा महिन्यांसाठी जाणारा माणूसही आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाही. माझ्या ओठांवर तिसऱ्या खणातलं वाक्य आलं होतं. तेवढ्यात तो दारातून परत फिरला. खिशातून चौघडी केलेला कागद काढला. बायकोच्या मण्यांवर सोनेतारण कर्ज होतं, त्याची सूचना. इंग्रजीत.

“ह्याच्यात काय लिवलंय तेवढं सांगता का?”

रांगेत बारा माणसं होती. मी कागद वाचला. मुदत फेब्रुवारीत संपत होती. त्यानंतर लिलावाची भाषा. फेब्रुवारीत तो कुठल्या तरी कारखान्याच्या फडात कोयता चालवत असणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी त्याला बसवलं, व्याजाचा आकडा काढून दिला, कनवटीतले थोडे पैसे परत काउंटरवर आले, कर्ज नवं करायचा अर्ज भरला. पाऊण तास गेला. अर्जातली ओळ न् ओळ मी मोठ्याने मराठीत वाचली. हेड कॅशियर पिंजऱ्यातून पाहत होते, बोलले काही नाहीत.

“येतो साहेब,” तो पुन्हा म्हणाला.

“या.”

रांगेतले पुढचे गृहस्थ घड्याळ दाखवत, लालबुंद होऊन खिडकीशी आले. त्यांना मात्र मी उभा राहून, सगळ्या प्रशिक्षणानिशी, गुड मॉर्निंग म्हणालो. दुपारचा एक वाजला होता.